आधी प्रेक्षक, मग पैसा: विद्यार्थ्यांच्या वेब सिरीजकडून छोट्या उद्योजकाने शिकायचे सात धडे



"माल तयार आहे, पण गिऱ्हाईक कुठून आणू?" धंदा सुरू करणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी हा प्रश्न असतो. आज त्याचं उत्तर आपण जरा वेगळ्या ठिकाणी शोधणार आहोत. कॉलेजच्या पोरांनी बनवलेल्या आणि कॉलेजच्या पोरांसाठी बनलेल्या वेब सिरीजमध्ये.

तुम्ही म्हणाल, आमचा मसाल्याचा धंदा, आमचं शिवणकाम, आमचे क्लासेस. वेब सिरीजशी आमचा काय संबंध?

संबंध आहे. विद्यार्थ्यांकडे भांडवल नसतं, जाहिरातीला पैसा नसतं, ओळखीपाळखी नसतात. एक कॅमेरा, चार मित्र आणि इंटरनेटवरचे अनोळखी प्रेक्षक, एवढ्यावर त्यांना उभं राहायचं असतं. म्हणजे तुमच्यासारखीच परिस्थिती. फरक एवढाच की त्यांचा ग्राहक त्यांच्याशी रोज बोलतो, लगेच बोलतो आणि तोंडावर बोलतो. त्यामुळे ग्राहक आपला माल कसा घडवतो, हे तिथे अगदी उघड दिसतं. चला तर मग, एकेक उदाहरण घेऊ.

धडा १: अडचणीला आकार द्या

साल २००९. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या काही विद्यार्थ्यांनी हॅरी पॉटरवर एक विनोदी संगीत नाटक बसवलं, 'अ व्हेरी पॉटर म्युझिकल'. एप्रिलमध्ये कॅम्पसवर त्याचे मोजके प्रयोग झाले. मित्रांना आणि घरच्यांना बघता यावं म्हणून त्यांनी त्याचं चित्रण यूट्यूबवर टाकलं.

त्या काळी यूट्यूबवर साधारण दहा मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ टाकता येत नसे. नाटक तर जवळपास तीन तासांचं! मग पोरांनी काय केलं? त्याचे वीसहून जास्त तुकडे केले आणि ओळीने टाकले. रंगमंचावरचं नाटक आपोआप मालिकेसारखं झालं. बघणाऱ्याला एक तुकडा संपला की पुढचा हवा असायचा. आवडलेला तेवढाच तुकडा मित्राला पाठवणंही सोपं. तीन तासांचं नाटक कोणी कोणाला "बघच" म्हणून पाठवत नाही, सात-आठ मिनिटांचं गाणं लगेच पाठवतो.

आता तुमच्या धंद्याकडे या. समजा तुम्ही पाच प्रकारचे मसाले विकता आणि एक किलोचंच पाकीट ठेवता. नवीन माणूस एक किलो का घेईल? पन्नास ग्रॅमची पुडी ठेवा. ती स्वस्त आहे, चव कळते, आणि शेजारणीला "हे बघ वापरून" म्हणून देता येते. जे दुसऱ्याला सहज देता येतं, तेच पसरतं.

धडा २: जिथे गर्दी आधीच आहे तिथे उभे राहा, पण जागा भाड्याची आहे हे विसरू नका

हे नाटक पसरलं कसं? हॅरी पॉटरचे चाहते जगभर आधीपासूनच इंटरनेटवर एकत्र होते. त्यांच्या गप्पा, त्यांचे मेळावे, सगळं चालू होतं. या विद्यार्थ्यांना प्रेक्षक तयार करावे लागले नाहीत. तयार गर्दीसमोर त्यांनी आपला स्टॉल लावला. पुढच्याच वर्षी त्याचा दुसरा भाग आला, आणि तो त्यांनी चाहत्यांच्या एका मेळाव्यात आधी दाखवला, मग यूट्यूबवर टाकला. बघा, प्रेक्षकांनी फक्त बघितलं नाही. दुसरा भाग व्हायला हवा, हेही त्यांनीच ठरवलं.

पण नाण्याची दुसरी बाजू बघा. हॅरी पॉटरची पात्रं या मुलांची नव्हती. त्यामुळे लाखो लोक बघत असूनही ते नाटक विकता येत नव्हतं. गाणीसुद्धा मोफत द्यावी लागली. गर्दी तुफान, गल्ला रिकामा!

आपल्याकडे हेच वेगळ्या रूपात दिसतं. कोणी मोठ्या ब्रँडच्या नावाशी मिळतंजुळतं नाव ठेवतो. कोणी सिनेमातल्या डायलॉगचा टी-शर्ट छापतो. सुरुवातीला विक्री होते, पण ती विक्री दुसऱ्याच्या नावावर असते. ज्या दिवशी मालक दारात येतो, त्या दिवशी दुकान बंद.

धडा ३: उसन्या गर्दीतून स्वतःची माणसं वेगळी काढा

या मुलांनी पुढे केलं ते खरं शिकण्यासारखं आहे. त्यांनी 'टीम स्टारकिड' या नावाने स्वतःची ओळख बनवली आणि स्वतःच्या गोष्टी लिहायला घेतल्या. त्यांच्या एका मूळ नाटकाच्या गाण्यांचा अल्बम २०१० मध्ये अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या नाट्यसंगीताच्या यादीत पोहोचला. २०११ मध्ये शिकागोत 'स्टारशिप' हे स्वतःचं नाटक आलं. त्यात ना हॅरी पॉटर, ना दुसऱ्या कोणाचं पात्र. प्रेक्षक मात्र तेच. ते हॅरी पॉटरसाठी आले होते, पण या मुलांसाठी थांबले.

मग २०१३ मध्ये 'ट्विस्टेड' या नाटकासाठी त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडे पैसे मागितले. मागितले ३५ हजार डॉलर. जमले १ लाख ४० हजार डॉलरहून जास्त. चार वर्षं जे प्रेक्षक मोफत बघत होते, त्यांनीच नाटक बनायच्या आधी पैसे दिले.

इथे थांबून विचार करा. त्यांनी २००९ मध्येच पैसे मागितले असते, तर किती मिळाले असते? विश्वास आधी जमा होतो, पैसा नंतर. हिशोबाच्या वहीत विश्वासाला रकाना नसतो, म्हणून आपल्याला वाटतं की मोफत दिलेलं वाया गेलं.

मग तुम्ही काय कराल? तुमचा माल एखाद्या ऑनलाइन बाजारातून, प्रदर्शनातून किंवा दुसऱ्याच्या दुकानातून जात असेल, तर ग्राहक त्या जागेचा आहे, तुमचा नाही. पाकिटावर तुमचं नाव ठळक हवं. आत एक चिठ्ठी हवी. पुढच्या वेळी थेट कुठे मागवायचं, हे त्यावर लिहिलेलं हवं. आणि ज्यांनी स्वतःहून होकार दिला आहे, त्यांचे फोन नंबर तुमच्या वहीत हवेत.

धडा ४: बनवायच्या आधी विचारा

आता नॉर्वेला जाऊ. २०१५ ते २०१७ मध्ये तिथल्या एनआरके या सरकारी प्रसारण संस्थेने 'स्काम' नावाची मालिका इंटरनेटवर आणली. स्काम म्हणजे लाज. ओस्लोमधल्या एका शाळेतल्या विद्यार्थ्यांची गोष्ट. लेखिका-दिग्दर्शिका यूली आन्देम.

एनआरकेची अडचण काय होती? शाळकरी मुलं टीव्ही सोडून परदेशी मालिका आणि इंटरनेटकडे गेली होती. मोठ्या परदेशी कंपन्यांइतका पैसा एनआरके ओतू शकत नव्हती. मग त्यांनी लिहायच्या आधी मुलांना भेटायला सुरुवात केली. देशभर फिरून लांबलचक मुलाखती घेतल्या. आणि सगळ्या तरुणांचा नाद सोडून एकच प्रेक्षक डोळ्यांसमोर ठेवला: सोळा वर्षांची मुलगी.

त्यांनी वापरलेली पद्धत आपल्या धंद्यासाठी जशीच्या तशी उचलण्यासारखी आहे. चार प्रश्न:

पहिला, गरज: या माणसाला खरंच काय हवंय?
दुसरा, पद्धत: ते आपण कसं देणार?
तिसरा, फायदा: त्याच्या बदल्यात तो जे मोजेल, मग ते पैसे असोत की वेळ, त्यापेक्षा त्याला जास्त मिळतंय का?
चौथा, स्पर्धा: आज तो ही गरज कशी भागवतो?

मुलाखतींमधून त्यांना गरज कोणती सापडली माहितीये? मुलींवर सगळ्याच बाबतीत चांगलं असण्याचं प्रचंड दडपण होतं. अभ्यास, दिसणं, मैत्री, सगळं. हे दडपण थोडं हलकं करणारी गोष्ट त्यांना हवी होती. "तुम्हाला कोणती मालिका आवडेल?" असं नुसतं विचारून हे कधीच कळलं नसतं.

आपण ग्राहकाला काय विचारतो? "आमचं लोणचं कसं वाटलं?" तो म्हणतो, "छान." झालं संशोधन! त्याऐवजी विचारा: गेल्या वेळी लोणचं कधी विकत घेतलं? कुठून? ते का संपलं नाही, की लगेच संपलं? घरात कोण खात नाही? उत्तरं ऐकून घ्या, मध्ये बोलू नका. दहा घरं अशी फिरलात तर दहा हजारांची जाहिरात वाचेल.

धडा ५: प्रेक्षकाच्या वेळापत्रकात बसा

'स्काम'ची सगळ्यात गाजलेली गोष्ट म्हणजे वेळ. गोष्टीतला प्रसंग मंगळवारी मधल्या सुट्टीत घडत असेल, तर त्याची छोटी क्लिप मंगळवारी मधल्या सुट्टीच्याच वेळी वेबसाइटवर यायची. प्रसंग रात्रीचा असेल तर रात्री. आठवड्याच्या शेवटी सगळ्या क्लिपा जोडून पूर्ण भाग. पात्रांची इन्स्टाग्राम खाती होती, त्यांचे आपसातले मेसेज वाचायला मिळायचे. पुढची क्लिप कधी येईल ते आधी सांगत नसत. त्यामुळे मुलं दिवसातून कितीतरी वेळा येऊन बघायची.

आणि जाहिरात? मुद्दाम केली नाही. आईवडिलांना आधी कळलं तर मुलं बघणार नाहीत, हे त्यांनी ओळखलं होतं. मुलांनी मुलांना सांगायचं, हाच प्रचार.

तुमच्या ग्राहकाचा दिवस तुम्हाला माहीत आहे का? डब्याची ऑर्डर घेणाऱ्या ताईंनी सकाळी अकराला मेनू टाकला तर उपयोग काय? ऑफिसला जाणाऱ्याने डब्याचं काय ते आदल्या रात्रीच ठरवलेलं असतं. शाळेचे गणवेश शिवणाऱ्याने जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नव्हे, निकाल लागल्याबरोबर बोलायला हवं.

धडा ६: ऐका सगळ्यांचं, पण सुकाणू हातात ठेवा

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. प्रेक्षक घडवतात म्हणजे प्रेक्षक सांगतील तसंच करायचं का?

'स्काम'च्या प्रत्येक क्लिपखाली मुलं मनातलं लिहायची आणि टीम ते वाचायची. पण गोष्ट मतदानाने ठरत नव्हती. प्रत्येक सीझनला मुख्य पात्र बदलायचं: एव्हा, मग नूरा, मग इसाक, मग साना. दुसऱ्या सीझनची नूरा प्रचंड लाडकी झाली होती. सोपा रस्ता हा होता की तिचीच गोष्ट पुढे ओढायची. त्यांनी तिसरा सीझन इसाकला दिला, स्वतःचं समलिंगी असणं स्वीकारू पाहणाऱ्या मुलाला. आणि नेमका तोच सीझन नॉर्वेच्या बाहेर जगभर पसरला.

एक साधा नियम लक्षात ठेवा. कुठे दुखतंय हे ग्राहकाला बरोबर कळतं. औषध कोणतं, हे त्याला कळेलच असं नाही. "भाग लांबलाय" अशी दहा जणांनी तक्रार केली, तर कुठेतरी कंटाळा नक्की येतोय. पण लगेच पाच मिनिटं कापू नका. कदाचित सुरुवातीची दोनच मिनिटं नडत असतील.

हे शोधायला यूट्यूब स्टुडिओमध्ये एक आलेख मिळतो. किती लोक कोणत्या सेकंदापर्यंत थांबले, हे तो दाखवतो. कॉमेंट लिहिणारे मूठभर असतात, न लिहिता निघून जाणारे शेकडो असतात. न बोलणाऱ्यांचं मत त्या आलेखात असतं. दुकानातही तेच. भांडणारं गिऱ्हाईक लक्षात राहतं, पण जे गुपचूप शेजारच्या दुकानात गेलं त्याची नोंद कोण ठेवतं? महिन्याला एकदा वही काढा आणि गेल्या तीन महिन्यांत कोण यायचं थांबलं, ते शोधा.

टिकून राहण्याचं मोल आकड्यातही बघू. यूट्यूबवर जाहिरातीचं उत्पन्न सुरू व्हायला लांब व्हिडिओंच्या मार्गाने १,००० सबस्क्रायबर आणि गेल्या बारा महिन्यांत ४,००० तास बघितलं जाणं लागतं. ४,००० तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटं. प्रत्येक जण सरासरी दोन मिनिटं थांबला, तर १ लाख २० हजार व्ह्यूज हवेत. आठ मिनिटं थांबला, तर फक्त ३० हजार. म्हणजे चौपट लोक आणा, नाहीतर आहेत त्यांना चौपट वेळ थांबवा. नवीन कॉलेज टीमला यातलं कोणतं जमेल? आणि तुम्हाला?

धडा ७: पसरण्याआधी कागद तयार ठेवा

'स्काम'चं गाणं इथेच अडकलं, आणि अक्षरशः गाण्यांमुळेच अडकलं. परदेशातल्या चाहत्यांनी स्वतःच भाषांतर करून, सबटायटल लावून भाग एकमेकांना पाठवायला सुरुवात केली. एनआरकेने एक पैसा खर्च न करता मालिका जगभर गेली. पण मालिकेतल्या गाण्यांचे हक्क नॉर्वेतल्या प्रेक्षकांपुरते घेतलेले होते. शेवटी जानेवारी २०१७ मध्ये एनआरकेला परदेशातून मालिका बघणं बंद करावं लागलं. यश दारात आलं आणि कागदाने दार लावलं. नंतर अमेरिका, फ्रान्स, जर्मनी, इटली अशा अनेक देशांत तिच्या स्थानिक आवृत्त्या निघाल्या, ही गोष्ट वेगळी.

आपल्या मराठी कॉलेज टीमसाठी आणि मित्रांसोबत धंदा सुरू करणाऱ्या प्रत्येकासाठी हा सगळ्यात महत्त्वाचा धडा आहे. सुरुवातीला पाच मित्र असतात. एकाचा कॅमेरा, एकाची लेखणी, एकाच्या जीमेलवर चॅनेल. कोणी काही लिहून ठेवत नाही, कारण "आपल्यात कागद कशाला?" मग एक भाग गाजतो, पहिली जाहिरात मिळते आणि मैत्री तुटते.

म्हणून तीन कायद्याच्या गोष्टी पाठ करा:

१. भागीदारीत वाटा लिहिला नसेल तर? भारतीय भागीदारी कायदा, १९३२ प्रमाणे वेगळा करार नसेल तर नफा आणि तोटा सगळ्यांत समान. रात्र-रात्र जागून एडिटिंग करणारा आणि महिन्यातून एकदा येणारा, दोघांना सारखंच.

२. संहिता कोणाची? कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी हवेत आणि त्यावर सही हवी. तोंडी "घे रे, वापर" चालत नाही.

३. कुठे आणि किती काळ? त्याच कायद्यानुसार हक्क देताना मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. तुमचा प्रेक्षक दुबईत, न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये असेल, तर "जगभर" हा एक शब्द करारात हवाच. तो राहिला, तर तुमचंही 'स्काम' होईल.

चॅनेल एकाच माणसाच्या पासवर्डवर ठेवू नका. यूट्यूबमध्ये इतरांना व्यवस्थापक म्हणून जोडता येतं. दुकानाची किल्ली दोघांकडे असते, तसंच.

मग पैसा कुठून?

आपल्या देशातलंच उदाहरण घ्या. टीव्हीएफची 'कोटा फॅक्टरी' २०१९ मध्ये आली. राजस्थानातल्या कोट्यात आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांची गोष्ट, तीही कृष्णधवल. तिच्यासोबत कोण होतं? अनअकॅडमी, म्हणजे ऑनलाइन शिकवणी देणारी कंपनी. जे प्रेक्षक मालिका बघणार, तेच या कंपनीचे विद्यार्थी. दुसरा सीझन २०२१ मध्ये थेट नेटफ्लिक्सवर गेला.

प्रायोजकाने पैसे कशाचे दिले? नेमक्या माणसांचे. "आमचे दहा हजार फॉलोअर आहेत" यापेक्षा "आमचे दोन हजार प्रेक्षक नाशिक परिसरातले द्राक्ष बागायतदार आहेत" हे वाक्य खताच्या दुकानदाराला जास्त महाग वाटेल. मात्र पैसे घेतले असतील तर ते प्रेक्षकाला स्पष्ट सांगा. भारतातल्या जाहिरात मानक परिषदेची, म्हणजे एएससीआयची, २०२१ पासून तशी नियमावली आहे, आणि यूट्यूबवरही व्हिडिओ टाकताना सशुल्क प्रचाराची खूण करावी लागते. लपवलेली जाहिरात एकदा पकडली गेली, की चार वर्षांचा विश्वास एका दिवसात जातो.

या आठवड्याचा गृहपाठ

वही-पेन घ्या. मोबाइलवर नको, हाताने लिहा.

- माझा एकच ग्राहक कोण? वय, गाव, दिवसाचं वेळापत्रक लिहा.
- गरज, पद्धत, फायदा, स्पर्धा: प्रत्येकी दोन ओळी.
- माझ्या मालाचा सहज दुसऱ्याला देता येईल असा सर्वांत छोटा तुकडा कोणता?
- माझे किती ग्राहक भाड्याच्या जागेतले आहेत आणि किती माझ्या वहीतले?
- गेल्या तीन महिन्यांत कोण यायचं थांबलं? त्यातल्या तिघांना फोन करा. विकू नका, फक्त विचारा.
- भागीदार असेल, तर या रविवारी एक पान करार लिहा. चहा प्या, हसत-खेळत लिहा, पण लिहा.

सगळं एकदम नाही झालं तरी चालेल. पण ते तीन फोन नक्की करा. त्या तिघांनी काय सांगितलं ते कॉमेंटमध्ये कळवा. त्यातल्या निवडक उत्तरांवर पुढच्या व्हिडिओत आपण सविस्तर बोलू.

भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत धंदा नेकीने करा आणि हिशोब चोख ठेवा!